रानफुलांना रंग भरताना

रोल बारा फोटोंचा असायचा आणि माणसं क्वचितच नेमक्या बारा फोटोंत बसायची. शाळेचा ग्रुप फोटो, कुणाचं बारसं, कुणाचा साखरपुडा, नव्या ट्रॅक्टरला टेकून उभं राहिलेलं एखादं कुटुंब असं करत रोल नऊ-दहापर्यंत यायचा आणि तिथं अडायचा. धुवायला घ्यावा तर उरलेले दोन-तीन फोटो फुकट जाणार, ठेवून द्यावा तर गिऱ्हाईक रोज दारात. अशा वेळी अण्णा, म्हणजे माझे वडील, कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून म्हणायचे, "जा, संपवून आण." वालूरला सेलूच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ होता. पुढं स्टुडिओ, मागं आम्ही तिघं. मी तेव्हा आठवीत होते आणि माणसांसमोर कॅमेरा धरायला मला लाज वाटायची. माणसं हसू दाबतात, केस सारखे करतात, आणि चांगला आला नाही तर आपल्यालाच बोलतात. म्हणून मी गायरानात जायचे, नाहीतर दुधनेच्या काठानं बांधाबांधानं चालत राहायचे, आणि जे उगवलं असेल त्याच्यासमोर गुडघे टेकायचे.

कॅमेरा दोन डोळ्यांचा होता. मान खाली घालून त्याच्या वरच्या काचेत बघायचं, आणि काचेत सगळं उलट्या बाजूला दिसायचं. शिवाय तो माणसांसाठी केलेला, हातभर अंतरावरचं काहीही त्याला धूसर दिसे. माझं पहिलं फूल म्हणजे करड्या गवतात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका आला. अण्णांनी तो भिंगाखाली धरून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी आजोबांच्या जुन्या चष्म्याची काच काढून तिला पुठ्ठ्याची कडी बसवून दिली. ती आधी कॅमेऱ्याच्या वरच्या डोळ्यावर धरून फूल स्पष्ट करायचं, मग खालच्या डोळ्यावर धरून बटण दाबायचं. खालचा डोळा बोटभर खालून बघतो हे मला बरेच दिवस कळलं नाही, त्यामुळं देठ सुरेख यायचे आणि फुलांची मुंडकी उडालेली असायची. माय ते फोटो बघून म्हणायची, "हिनं तर कापणीच करून आणली." मग मी कॅमेरा बोटभर उचलून धरायला शिकले.

आता मी परभणीत राहते आणि सकाळी गावाबाहेरच्या रस्त्यानं फिरायला जाते ती मोबाईल घेऊन. फोटो काढला की तोच नाव सांगतो. कधी चुकतो, पण चुकतानाही इतक्या खात्रीनं सांगतो की हसू येतं. मी रस्त्याकडेला वाकलेली दिसले की एखादा दुचाकीवाला थांबून विचारतो, "काय हरवलं का मावशी?" मी म्हणते, नाही, सापडलंय. तो गवतात बघतो, माझ्याकडं बघतो आणि निघून जातो.

तेव्हा नावं सांगायला गोदाबाई होत्या. आमच्या मागच्या गल्लीत राहायच्या आणि खुरपणीच्या बायांची टोळी घेऊन रानोरान जायच्या. उभा जन्म ज्याच्या मुळाशी खुरपं घालण्यात गेला, त्याचं नाव त्यांना ठाऊक नसेल असं होत नसे. केना, माका, तरोटा, सराटा, कुर्डू, उन्हाळी, तिळवण, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. एकदा ज्वारीत पांढऱ्या इवल्या फुलांचा एक तुरा मला फार देखणा वाटला. गोदाबाईंनी तो उपटून माझ्या हातात दिला आणि सांगितलं की हा टारफुला, हा ज्वारीच्या मुळाला तोंड लावून पितो, ह्याचा फोटो काढ पण ह्याला सुंदर म्हणू नको. माझ्या छंदाची त्यांना गंमत वाटायची. "आमी उपटून टाकायलोत आन् तू जपून ठेवायलीस," असं म्हणत त्या पुढच्या तासाला, पिकाच्या पुढच्या ओळीला, लागायच्या. पण जाताना पदराच्या ओट्यात कुर्डूची, तरोट्याची कोवळी पानं घेऊन जायच्या, त्यातली मूठभर आमच्याकडं पोचायची, आणि संध्याकाळी लसणाच्या फोडणीचा वास अण्णांच्या अंधाऱ्या खोलीतल्या फोटो धुवायच्या औषधांच्या आंबट वासात मिसळायचा. शेजारी पिठाची गिरणी होती. तिची टुकटुक थांबली की घरात एकदम पोकळी झाल्यासारखं वाटे, आणि मग आत नळाखाली फोटो धुतल्याचा बारीक आवाज ऐकू यायचा.

आमच्या स्टुडिओचं खरं नाव झालं होतं ते रंगांमुळं. फोटो निघायचे काळेपांढरे, पण अण्णा त्यांत हातानं रंग भरून द्यायचे. हे काम ते परभणीला एका उस्तादांकडं शिकले होते. रंगांची एक लहान वही असायची, तिच्या पानांना सुकलेला रंग लावलेला, पान फाडून पाण्यात टाकलं की रंग सुटायचा. दुपारी जेवणं झाली की माय पाच बश्या मांडायची, पानं फाडून रंग करायची आणि अण्णांच्या उजव्या बाजूला बसायची. अण्णा काडीला कापूस गुंडाळून तो बशीत बुडवायचे आणि नवरीच्या गालावर असा फिरवायचे की रंग लावलाय हे कळायचंसुद्धा नाही. बश्यांची जागा ठरलेली होती. मी एकदा पाणी पिताना दोन बश्या इकडच्या तिकडं केल्या, तेव्हा माय माझ्यावर अशी चिडली की मला रडू आलं. एवढ्याशा गोष्टीवर ती का चिडली, हे विचारायचं मला सुचलं नाही. प्रत्येक घरात काही गोष्टींना हात लावायचा नसतो, तशी ती एक, असं मी धरून चालले.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी माझे फोटो पाहिले आणि मला परभणीच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा पत्ता दिला. वनस्पती हाच त्यांचा विषय. मी त्यांना 'सर' असं लिहून फोटो पाठवायला लागले. फोटोच्या मागं फूल कुठं दिसलं, किती उंच होतं, कसा वास येत होता आणि रंग कोणता, हे लिहायचं. त्यांचं पोस्टकार्ड यायचं, बारीक अक्षरात शास्त्रीय नाव, आणि खाली हमखास एक प्रश्न. पानं समोरासमोर आहेत की आळीपाळीनं? देठ मोडला तर चीक येतो का? त्या प्रश्नासाठी मला पुन्हा त्याच बांधावर जावं लागे. रोलमधला फोटो शिल्लक नसला तरी जाऊ लागले, आणि बघायला मी खरं तर तेव्हा शिकले. गोदाबाईंची नावं आणि सरांची नावं मी वहीत शेजारीशेजारी लिहायचे. गोदाबाईंना ती वाचून दाखवली की त्या म्हणायच्या, एवढं मोठं नाव घेस्तोर रान तणानं भरून जाईल.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन परभणीला भरणार होतं. सरांनी लिहिलं की तुझी तीस फुलं मोठी करून मांड, आणि जमलं तर रंगीत कर, रंगाशिवाय लोकांना फूल ओळखू येत नाही. मी पत्र वाचून दाखवलं आणि अण्णा लगेच म्हणाले, "रंग मी भरतो. तू नावं लिही." त्यांना इतकं खुश झालेलं मी क्वचितच पाहिलं होतं. त्यांनी तीसही फोटो मोठे केले आणि चकचकीत पत्र्यावर वाळवले, तसं वाळवलं की कागदाला आरशासारखी तकाकी येते. पण त्याच आठवड्यात चारठाण्याहून निरोप आला की माझी आजी पडली आहे. मायला जावं लागलं. निघताना ती दारात घुटमळली. तिनं अण्णांना सांगितलं की मी येईपर्यंत फुलांना हात लावू नका. अण्णा म्हणाले की तारीख थांबणार नाही. ती काहीतरी बोलणार होती, पण जीप आली.

अण्णांनी चार दिवस स्टुडिओ दुपारनंतर बंद ठेवून काम केलं. मी शाळेतून येऊन पिठलं-भाकरी करायचे आणि आत डोकावायला मला मनाई होती, सगळं झाल्यावरच दाखवीन म्हणाले होते. पाचव्या दिवशी ते एका साखरपुड्याच्या फोटोंसाठी बोरीला गेले आणि जाताना म्हणाले, कपाटात आहेत, बघ.

मी खिडकीपाशी बसून एकेक उचलायला लागले. सराटा, तरोटा, पेटारी ही पिवळी फुलं बघून मला वाटलं की आत्ता उठून ह्यांच्यावर मधमाशी बसेल. मग भुईरिंगणी आली. जांभळं असतं ते फूल निळंशार, आणि हिरवी पानं विटकरी. मला वाटलं सुकलेलं झाड दाखवायचं असेल. पुढं उन्हाळीची गुलाबी-जांभळी फुलंही तशीच निळी, आणि कुर्डूच्या गुलाबी शेंड्यावर मातकट हिरवा हात फिरवलेला. जिंतूरकडच्या डोंगरातून मोठ्या हौसेनं आणलेली कळलावी, जिच्या पाकळ्या जाळासारख्या तांबड्या-पिवळ्या असतात, ती शेवाळलेली दिसत होती. काम मात्र नेहमीसारखंच. रंग कुठंही रेषेबाहेर गेलेला नव्हता, पाकळीच्या कडेला फिका होत गेलेला, एकेका फुलावर तास घातला असावा असा. अकरा फोटो असे निघाले. मी ते जमिनीवर मांडून बसले. वाटलं, घाई झाली असेल. वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. काय झालंय हे मला कळत नव्हतं, पण हे असंच सरांपुढं गेलं तर सर काय म्हणतील आणि तेव्हा अण्णांचं तोंड कसं होईल, एवढं मात्र मला अगदी स्वच्छ दिसत होतं.

अण्णा संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मी कोमट पाण्यात खायचा सोडा टाकला आणि अकराही फोटो त्यात सोडले. चार दिवसांचं काम परातीत उतरलं, पाणी आधी हिरवं, मग तपकिरी झालं. ते मी मोरीत ओतून दिलं. रंगांच्या वहीची पानं आता संपत आलेली, डब्यात फाटलेले तुकडे उरलेले, त्यांच्यावर रंगांची नावंही राहिली नव्हती. मी त्यांतून रंग केले आणि अण्णांसारखा कापूस गुंडाळून भरत गेले. माझा हात अण्णांचा नव्हता. भुईरिंगणीच्या एका पाकळीचा रंग बाहेर गेला तो गेलाच. फोटो गच्चीवर उन्हात वाळवून, होते तसे कपाटात ठेवले. अण्णा आले, मी भाकरी वाढली. त्यांनी विचारलं, कसे झालेत? मी चांगले झालेत म्हणाले आणि ताटाकडं बघत राहिले.

आम्ही सेलूहून सकाळच्या गाडीनं परभणीला गेलो. अण्णांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि फोटोंचं बोचकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. बाकी सगळीकडं भिंग, बॅटऱ्या आणि पाण्याचे पंप, आणि एका भिंतीवर आमची फुलं. मांडून झाल्यावर अण्णा एक-एक पाऊल सरकत प्रत्येक फोटोसमोर उभे राहिले. भुईरिंगणीसमोर जास्त वेळ थांबले. आता ते विचारतील म्हणून मी उत्तर जुळवत होते. त्यांनी फोटोच्या कडेवरून अंगठा फिरवला, टाचणी जरा सरळ केली आणि पुढं गेले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. निळं फूल जांभळं झालं होतं, विटकरी पान हिरवं झालं होतं, आणि ज्या माणसानं ते रंगवलं होतं त्याला फरक दिसला नव्हता.

दुपारी सर आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते, काठी टेकत चालणारे, कानानं थोडे कमी ऐकणारे. त्यांनी तीसही फोटो पाहिले, कळलावीपाशी हसले, आणि अण्णांकडं वळून विचारलं की रंग कोणी भरले. अण्णा म्हणाले, "घरचंच काम हाय, सर." सर म्हणाले, पिवळं काम तर फारच वरच्या दर्जाचं आहे. अण्णांनी हात जोडले. बक्षीस एका पाण्याच्या पंपाला मिळालं, पण सरांनी मला त्यांचं स्वतःचं वनस्पतींचं जुनं पुस्तक दिलं. ते आजही माझ्याजवळ आहे आणि मोबाईल चुकला की मी त्यातच बघते.

आजी बरी होऊन माय परतली तेव्हा तिनं पिशवी खाली ठेवायच्या आधी फोटो मागितले. सगळे चाळले, अकरा बाजूला काढले आणि मला मोरीकडं नेऊन हळू आवाजात विचारलं, "हे तू भरलेस?" मी रडतच सगळं सांगितलं. ती मोरीच्या कट्ट्यावर बसली. तिनं सांगितलं की लग्नानंतर अण्णांनी तिच्यासाठी हिरवं म्हणून लुगडं आणलं होतं, मोठ्या कौतुकानं घडी उलगडून दाखवलं होतं, आणि ते तपकिरी होतं. ती ते नेसली. पण त्या दिवसापासून ती रंग भरताना शेजारी बसायला लागली आणि बश्यांची जागा ठरली. ह्याबद्दल दोघांत कधी शब्द निघाला नव्हता. गावाला कळलं तर लग्नाचे फोटो दुसरीकडं जातील, ही भीती होतीच, पण मला वाटतं तिला अण्णांच्या हातांची जास्त काळजी होती. ते हात त्या कामात फार सुखी असायचे. तिनं मला बजावलं की तुला काही माहीत नाही असंच वाग.

पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या मुलाच्या नोकरीच्या तपासणीत डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि त्याला त्यातला आकडा दिसेना. तो घाबरला, मला मात्र नवल वाटलं नाही. हे आईकडून मुलाकडं येतं असं डॉक्टर समजावत होते. मी मान डोलवत होते आणि मला पाच बश्या दिसत होत्या.

मायनं बजावल्याप्रमाणं मी महिनाभर काही माहीत नसल्यासारखी वागले, आणि ते मला फार जड गेलं. अण्णांच्या नजरेला नजर देता येईना. फोटो संपवायला चाललेय म्हटलं की खाली बघतच निघायचे. एका रविवारी मी निघाले तर अण्णा चपला घालून उभे. म्हणाले, मी पण येतो. मायनं फडक्यात धपाटे आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. आम्ही दुधनेच्या अंगानं चाललो. हरभरा घाट्यावर आलेला, हवा कोरडी आणि गार. बऱ्याच वेळानं बांधावरच्या बाभळीखाली बसून आम्ही फडकं सोडलं. अण्णांनी एक धपाटा संपवला, हात गवताला पुसले, आणि समोर बघतच बोलले.

"तू ते फोटो धुऊन परत भरलेस ना?"

मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"पत्र्यावर वाळवलेला कागद मला बोटाला कळतो. त्या अकरा कागदांची तकाकी गेलेली. रंग दिसत न्हाईत गं मला. कागद दिसतो की."

म्हणजे त्या दिवशी सभागृहात त्यांना सगळं कळलं होतं, आणि तरी ते सरांना घरचंच काम म्हणाले होते. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. म्हणाले, राग आला होता, तिथल्या तिथं. गाडीत बसल्यावर गेला. रंग बाहेर गेलाय तिथं कापूस लय ओला होता, पुढच्या वेळी पिळून घे. मग त्यांनी विचारलं की मायला ठाऊक आहे का, आणि मी हो म्हटल्यावर स्वतःशीच हसले. "तिला पहिल्यापासून ठाऊक हाय, हे मला पण ठाऊक हाय," म्हणाले. "पण तिला सांगू नको."

उठून निघालो तर वाटेच्या कडेला भुईरिंगणी जमिनीला चिकटून पसरली होती, काट्यांमधून दोन-तीन फुलं वर काढून. अण्णा तिच्यासमोर उकिडवे बसले. मी पुढं होऊन सांगितलं, जांभळं आहे. ते म्हणाले, नाव नको सांगू, नाव सगळेच सांगतात, कसं आहे ते सांग. रंग कसा आहे हे मी कधी कुणाला सांगितलंच नव्हतं, दाखवलं होतं. मी फुलाकडं बघत बसले. मग मी म्हणाले, उन्हाळ्यात बारवेच्या सगळ्यात खालच्या पायरीवर जाऊन बसलं की वरचे आवाज लांब जातात आणि पायाला गार लागतं, तसं आहे.

अण्णांनी डोळे मिटले. तसेच म्हणाले, "मग चांगलंच हाय." त्यांनी बोट पुढं करून काट्यांतून फुलाच्या मधल्या केसरांना अलगद शिवलं. "आन् हे मधलं सांगू नको. हे पिवळं हाय. पिवळं मला दिसतंय."

तिथून घरापर्यंत तासाभराची वाट होती. सराटा, तरोट्याचं राहिलेलं एखादं फूल, बांधावरची कोरांटी, कुणाच्या तरी शेतातली मोहरी, वाटेत जे जे पिवळं लागलं ते माझ्या आधी अण्णांनी पाहिलं, आणि प्रत्येक वेळी थांबून मला दाखवलं.